टाऊन हॉल म्हणालो आणि महालात उतरलो

रविवार

शनिवारी दुपारी कोल्हापुरात गाडीत बसलो, तो रविवारची दुपार कलल्यावर नागपूरच्या फलाटावर उतरलो. महाराष्ट्र एक्स्प्रेस राज्याच्या एका कोपऱ्यातून निघते ती पार गोंदियाला जाऊन थांबते. पुणे-दौंड झोपेत गेलं, मनमाडला थंडीनं जाग आली, आणि अकोल्यापासून डब्यातली भाषा पालटायला लागली. बडनेऱ्याला एक आजी चढल्या. "सरका बाप्पा थोडे, मी वर्ध्यालेच उतरून राहिली," म्हणाल्या. आमच्याकडं उतरून राहणं म्हणजे मुक्काम करणं. मी आपुलकीनं विचारलं, "कुणाकडं राहणार वर्ध्याला?" आजींनी माझ्याकडं असं पाहिलं की पुढचे दोन तास मी खिडकीबाहेर बघत बसलो.

स्टेशनवर बहीण आली होती. लग्न होऊन तिला नागपुरात तीस वर्षं झाली. माझ्याशी बोलताना ती अजून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलीच, पण फोन वाजला तसं दाजींना म्हणाली, "हो, आली गाडी. येऊन राहिलो आम्ही." एकाच तोंडातून दोन गावं.

मी चित्रकलेचा शिक्षक होतो, गेल्या वर्षी सुटलो. कुठल्याही गावी गेलो की तिथलं म्युझियम आधी आणि देऊळ नंतर, हा माझा क्रम घरात कुणाला आवडत नाही. नागपूरच्या या पाच दिवसांतही तेच करायचं ठरवून वही-पेन्सिली पिशवीत टाकल्या होत्या. रात्री प्रतापनगरच्या घरी बहिणीनं केलेला वडाभात खाल्ला. वर ओतलेलं हिंगाचं गरम तेल भातात मुरत होतं, त्या आवाजासकट तो पदार्थ माझ्या लक्षात आहे.

सोमवार

बहीण शाळेत, दाजी ऑफिसात, भाची कॉलेजात. "एकटा जाऊ नकोस, उद्या सगळे जाऊ," असं बहीण सांगून गेली होती. ऐकायला हवं होतं.

कोपऱ्यावर ऑटो थांबवली. (इथं रिक्षा म्हणायचं नाही. रिक्षा म्हटलं की सायकलरिक्षा समजतात.) चालकानं विचारलं, "कुठी?" आणि माझ्या तोंडून अगदी सहज निघालं, "टाऊन हॉल."

आता हे का निघालं ते सांगायला हवं. आम्हा कोल्हापूरकरांच्या डोक्यात म्युझियम आणि टाऊन हॉल या दोन वेगळ्या गोष्टीच नाहीत. भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलसमोर, बागेच्या मधोमध आमचा टाऊन हॉल उभा आहे. टोकदार कमानी, उतरतं छप्पर, वर निमुळती होत गेलेली शिखरं. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुविशारदानं तो गॉथिक शैलीत बांधला, १८७२ ते १८७६ च्या दरम्यान. सभा-समारंभांसाठी बांधलेली ही वास्तू. पुढं १९४४ ते ४६ च्या सुमारास पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर खोदकाम झालं आणि सातवाहनकाळातलं अख्खं गाव वर आलं. त्या वस्तू ठेवायला १९४६ मध्ये संग्रहालय उघडलं, आणि १९४९ मध्ये ते टाऊन हॉलात आलं. म्हणजे पाऊणशे वर्षांच्या आसपास तिथं सभा नाही. तरी कोल्हापुरात कुणी "वस्तुसंग्रहालयात जातो" म्हणत नाही. "टाऊन हॉलला जातो" म्हणतो.

त्यातली एक मूर्ती जगभर ठाऊक आहे. ब्राँझचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, उंचीला वीतभरही नाही. रोमशी चालणाऱ्या व्यापारातून तो इतक्या आत, सह्याद्री ओलांडून आला. हातात त्रिशूळ नाही. मी नववीत आणि बहीण पाचवीत असताना हा त्रिशूळ ब्रह्मपुरीच्या मातीत राहिला असणार असं आम्ही ठरवलं, आणि एका मे महिन्यात रोज सकाळी पंचगंगेच्या काठी काडीनं माती उकरली. एक गंजका खिळा आणि अर्धी बांगडी सापडली. बांगडी तिनं कंपासपेटीत कितीतरी वर्षं ठेवली होती.

तर, टाऊन हॉल म्हणालो. चालकानं काही न विचारता नेलं आणि पाऊण तासानं गर्दीच्या रस्त्यावर उतरवलं. समोर इमारत, फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला माणूस.

"कोनाले भेटाचं हाय?"

"म्युझियम बघायचंय."

"इथं कुठी म्युझियम? इथं मीटिंगा होतेत."

मी होतो महालात, महापालिकेच्या टाऊन हॉलासमोर. नागपूरची नगरपालिका १८६४ ची, महापालिका १९५१ ची, आणि नगरसेवकांच्या सभा ज्या जागी गाजल्या ती ही. नावानं राजे रघुजी भोसले नगरभवन, पण फाटकावरचा माणूसही टाऊन हॉलच म्हणत होता. मला हसू आलं. आमच्या गावातला टाऊन हॉल सभा सोडून संग्रहालय झाला आणि नाव टिकवून बसला. इथला टाऊन हॉल नावाप्रमाणं काम करत राहिला, आणि त्यात बघायला मी आलो होतो एक ग्रीक देव!

आलोच आहे तर पायी फिरू म्हटलं. महाल म्हणजे भोसल्यांच्या वाड्यामुळं पडलेलं नाव. गोंड राजा बख्त बुलंदशहानं १७०२ च्या सुमारास इथल्या लहान लहान वाड्यावस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं, नंतर अठराव्या शतकाच्या मध्यावर ते रघुजी भोसल्यांकडं आलं. गल्ल्या अजूनही वाड्यांच्या हिशेबानं वळतात. एका ठिकाणी लाकडी खांबांच्या ओसरीवर मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि खांबावरच्या केळफुलाच्या कोरीव पाकळीला चार्जरच्या वायरी अडकवलेल्या होत्या. मी ती पाकळी वहीत उतरवली, वायरींसकट. दुकानदार म्हणाला, "वायरी काहून काढून राहिले? त्या काढून टाकतो मी." नको म्हटलं.

गांधी गेटाशी एका म्हाताऱ्या फुलवाल्याला विचारलं तर तो त्याला जुम्मा दरवाजा म्हणाला. पलीकडं तळं आहे, त्याचंही तेच. गोंडांच्या काळात जुम्मा तलाव, मग त्याचंच मराठी होऊन शुक्रवारी तलाव, आणि आता पाटीवर गांधीसागर. पाटी वाचून मी फुलवाल्याला "गांधीसागर कुठून जवळ पडेल" विचारलं, तर त्यानं शेजारच्याला ओरडून सांगितलं, "यायले शुक्रवारी तलाव दाखव रे!" याच शहरात मॉरिस कॉलेजला सरकारनं वसंतराव नाईकांचं नाव देऊन किती वर्षं झाली, दाजी अजून मॉरिसचेच माजी विद्यार्थी आहेत. उलट आमच्या टाऊन हॉलासमोरचं सीपीआर एकेकाळी अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, ते नाव आज कोल्हापुरात दहा जणांनाही सांगता येणार नाही. कुठलं नाव राहतं आणि कुठलं जातं याचा काही नियम मला सापडलेला नाही.

तळ्याकाठून दाजींना फोन लावला, म्युझियमला कसं जाऊ विचारायला.

"दादा, तुम्हाला अजब बंगला पाहायचा आहे! मग ऑटोवाल्याला अजब बंगला म्हणायचं ना. आणि आज सोमवार आहे. सोमवारी बंद राहते तो."

सोमवारी बंद. आमचा टाऊन हॉलही सोमवारी बंद असतो. तीस वर्षं मुलांच्या सहली नेताना सोमवार टाळणारा मी, नागपूरला येऊन सोमवारीच निघालो होतो.

भूक लागली होती. एका टपरीवर तर्री-पोहे घेतले. पोहे आमच्यासारखेच, पिवळे, पण त्यावर डावभर चण्याचा लाल रस्सा ओततात, ती तर्री. वर कच्चा कांदा, शेव. तर्री पोह्यांच्या कडेनं खाली उतरते आणि ताटलीत तेलाचं एक लाल वर्तुळ होतं. मिसळीचा कट पिऊन वाढलेला माणूस मी, मला वाटलं हे काय तिखट असणार. दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. टपरीवाल्यानं न विचारता पाण्याचा ग्लास पुढं केला.

संध्याकाळी परतताना झीरो माईलला उतरलो. वाळूच्या दगडाचा खांब आणि त्याच्याभोवती चार घोडे. "देशाचा मध्य" म्हणून सगळे इथं फोटो काढतात. मला घोड्यांपेक्षा दगड आवडला. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामासाठी १९०७ मध्ये बसवलेला, त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट. दशांशानंतर तीन आकडे! कुणीतरी इथं उभं राहून एका फुटाच्या हजाराव्या भागावर वाद घातला असेल. षट्कोनी दगडावर गावांची अंतरं आहेत, हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७०, सिवनी ७९. चंद्रपूर तिथं चांदाच आहे. पुणं नाही, कोल्हापूर तर नाहीच. हे शहर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि त्याचं तोंड उत्तरेकडं होतं, हे त्या सहा कडा फिरल्यावर जितकं कळतं तितकं पुस्तकातून मला कळलं नव्हतं.

मंगळवार

भाचीनं कॉलेज बुडवलं. ती भूशास्त्र शिकते, म्हणून हा अभ्यासच आहे असं तिनं आईला पटवलं. ऑटोवाल्याला मी मोठ्यानं सांगितलं, "अजब बंगला." दहा मिनिटांत फाटकाशी.

नागपूरचं हे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ चं. मध्य प्रांत तयार होऊन दोनच वर्षं झाली होती आणि सर रिचर्ड टेंपल तिथला मुख्य आयुक्त होता. पेंढा भरलेले वाघ, दगडी देव, आदिवासींचे दागिने, तलवारी, हे सगळं एका बंगल्यात बघून तेव्हाच्या लोकांनी त्याला जे म्हटलं ते आजही चालतं. मला वाटतं म्युझियम या शब्दाचं याच्याइतकं चांगलं मराठी कुठल्याही कोशात नाही.

आत शिरल्यावर आधी प्राणी. भाची तिसरीत असताना शाळेच्या सहलीत इथं रडली होती, ती जागा तिनं मला दाखवली. काचेतल्या वाघापेक्षा ती त्याच्या डोळ्यांना घाबरली होती. "मामा, ते डोळे बघ, काचेचे आहेत, हे मला माहीत होतं. तरी." मी वाघ काढायला घेतला आणि सोडून दिला. पेंढ्याच्या प्राण्याचं चित्र काढायचं म्हणजे कुणीतरी आधीच बिघडवलेल्या चित्राची नक्कल.

हत्यारांतून आम्ही भराभर गेलो, मला हत्यारांत रस नाही. गोंड आणि इतर आदिवासींच्या वस्तूंपाशी मात्र थांबलो. आणि तिथंच स्टीफन हिस्लॉपचा विषय निघाला. नागपूरच्या माणसाला हिस्लॉप म्हणजे कॉलेज, एवढंच. भाचीला मात्र तो वर्गात भेटलेला. स्कॉटलंडचा हा मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला आणि धर्मप्रसाराबरोबर खिशात दगड भरून घरी आणायला लागला. नागपूरच्या परिसरातले खडक आणि जीवाश्म यांवर त्यानं हंटर या सहकाऱ्याबरोबर लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात लिहिलं. हिस्लॉपाइट नावाचं एक खनिजच त्याच्या नावानं आहे. "आम्हाला परीक्षेत विचारतात," भाची म्हणाली, "पण तो गेला कसा ते नाही सांगत."

ते मला ठाऊक होतं. सप्टेंबर १८६३. टाकळघाटची शिलावर्तुळं, म्हणजे जुन्या दफनांभोवती गोल मांडलेले दगड, पाहायला तो टेंपलबरोबर गेला होता, आणि परतताना ओढ्याच्या पुरात बुडून मेला. संग्रहालय निघालं त्याच वर्षी. त्यानं गोंडांबद्दल लिहून ठेवलेले कागद टेंपलनं १८६६ मध्ये छापले. भाची काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आम्हाला फील्डवर्कला पावसाळ्यात नेत नाहीत, ते बरोबर आहे तर."

ब्राँझच्या मूर्तींपाशी मला घरच्यासारखं वाटलं. रामटेकजवळच्या हमलापुरीला सापडलेले वाकाटककाळातले बुद्ध, आणि अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर-खिनखिनीच्या जैन मूर्ती. पोसायडन बघत वाढलेल्या माणसाला लहान ब्राँझमूर्तीचं एक वेड असतं. ती हातात घ्यावीशी वाटते. दगडी मूर्ती देवळाची असते, ही कुणाच्या तरी पिशवीतून फिरलेली. बुद्धाच्या खांद्यावरून उतरणाऱ्या वस्त्राच्या चुण्या मी दोनदा काढल्या. पहिल्यांदा पेन्सिल दाबून काढल्या तर वस्त्र ओलं दिसायला लागलं. दुसऱ्यांदा अगदी हलक्या हातानं, तेव्हा जमलं.

पण खरा वेळ गेला शिलालेखांत. भाची कंटाळणार हे धरून मी तिला चहाला पिटाळलं आणि एका लेखापुढं बसकण मारली. विद्वान त्याला नागपूर प्रशस्ती म्हणतात. आहे मात्र माळव्याच्या परमार राजांचा, विक्रम संवत ११६१ चा, म्हणजे इसवी सन ११०४-०५. नरवर्मा राजाच्या काळातला, त्याचा भाऊ लक्ष्मदेव याची थोरवी गाणारा. अक्षरं बोटाच्या पेराहून लहान, ओळी शाळेच्या वहीसारख्या सरळ. छिन्नी एकदा घसरली की दगडावर खोडरबर नाही, या विचारानं माझीच बोटं आखडली.

आपण वाचायला जावं तर अर्धं ओळखीचं वाटतं, आणि नेमकं तिथंच फसतं. त्या काळच्या लेखांत 'ब' साठी वेगळी खूण नसायची, 'व' च लिहायचे. मात्रा अक्षराच्या डोक्यावर न देता पुष्कळदा अक्षराच्या आधी उभी रेघ ओढून दाखवायचे, तिला पडिमात्रा म्हणतात. त्यामुळं 'के' वाचायला गेलं की 'का' च्या आसपास कुठंतरी पोचतो आपण. भाची चहा पिऊन आली, तिला हे दाखवलं.

"म्हणजे शुद्धलेखनाच्या चुका?"

"चुका नव्हेत, तेव्हाची रीत."

"मग आमच्या बाईंना सांग ना हे."

लेखातला मजकूर मी पूर्वी वाचलेला होता. भोज राजा इंद्राच्या भेटीला गेल्यावर राज्य पुरात सापडल्यासारखं झालं आणि धनीच त्यात बुडाला. कर्णाटाच्या राजानं कलचुरी राजा कर्णाशी हातमिळवणी करून जी पृथ्वी गिळली होती ती भोजानंतरच्या परमार राजानं, उदयादित्यानं वर काढली, वराहासारखी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घराच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आली तेव्हा मी माळ्यावर चित्रांचे गुंडाळे घेऊन बसलो होतो. राज्य बुडालं म्हणजे काय हे सांगताना नऊशे वर्षांपूर्वीच्या कवीला पूरच आठवला, यात त्याची कल्पकता नाही, अनुभव आहे, असं मी भाचीला जरा जास्तच जोरात सांगितलं. शेजारच्या दालनातला पहारेकरी डोकावून गेला.

आणि हा लेख पहिल्यांदा वाचून छापला कुणी? बाळशास्त्री जांभेकरांनी, १८४३ मध्ये. 'दर्पण' काढून मराठी वृत्तपत्रांची सुरुवात करणारे तेच. अजब बंगला उभा राहायच्या वीस वर्षं आधी. पडिमात्रेशी आणि व-ब च्या घोळाशी ते एकटे बसून झगडले असतील. पत्रकार दिनाला त्यांच्या तसबिरीला हार घालतात तेव्हा या दगडाचं नाव कुणी काढलेलं मी ऐकलेलं नाही.

वहीत मी एकच अक्षर उतरवलं, 'श्री'. अर्धा तास लागला आणि तरी खालची गाठ चुकली.

बाहेर आलो तेव्हा भाची म्हणाली, "तुमच्या टाऊन हॉलपेक्षा भारी ना?" संख्येनं भारी, हे मी मान्य केलं. पण आमच्याकडं इमारतच पहिली वस्तू आहे. कमानीखालून आत जाताना मान वर होते, मग पुढं दिसेल ते मान वर करून बघितलं जातं. अजब बंगल्यात इमारत मागं सरते आणि वस्तू पुढं येतात. दोन्हीतलं बरं कोणतं ते तिला सांगितलं नाही. सांगायला माझंच नक्की नव्हतं.

बुधवार

हिस्लॉपनं डोक्यात घातलेला किडा शांत बसेना, तेव्हा दाजींनी रजा टाकली आणि गाडी काढली. टाकळघाट लांब पडतं, म्हणून काटोल रोडनं जुनापाणीला. "कोल्हापूरहून मेहुणा आला आणि रानातले दगड पाहून राहिला, हे मी ऑफिसात सांगू कसं," म्हणत होते, पण गाडी त्यांनीच सगळ्यात उत्साहानं हाकली.

जुनापाणीला तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत. लोहयुगातल्या माणसांनी आपली माणसं पुरली आणि भोवती मोठाले दगड गोल मांडले. विदर्भातल्या अशा वर्तुळांत लोखंडाची हत्यारं मिळाली, काही ठिकाणी माणसाबरोबर घोडा आणि त्याच्या तोंडावरचे तांब्याचे दागिनेसुद्धा. लांबून काही दिसत नाही. झुडपं, वाळकं गवत, मधूनच काळा दगड. मग एकदम लक्षात येतं की आपण वर्तुळाच्या आत उभे आहोत. दाजी पटकन बाहेर गेले आणि चप्पल काढली.

काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीनं कोरलेले आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर लिहिलं आणि युरोपातल्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. मी एका दगडावरचे मोजले, सतरा आले. भाचीनं मोजले, एकोणीस. दाजी म्हणाले सोळा, कारण तीन त्यांच्या मते पावसानं पडलेले होते. भूशास्त्राची विद्यार्थिनी खवळली. पाऊस बेसाल्टला असा गोल खळगा पाडत नाही, हे तिनं गुडघ्यावर बसून, बोट त्या वाटीत फिरवून बापाला समजावलं. मीही बोट फिरवलं. आत गुळगुळीत, कडेला किंचित धार, आणि तळाशी मुठीत मावेल एवढी थंड माती. अंगठा नेमका बसला. सतरा, एकोणीस की सोळा ते शेवटपर्यंत ठरलं नाही, वहीत मी तिन्ही आकडे लिहिले.

येताना रस्त्याकडेला संत्र्यांचे ढीग. मृगाची संत्री नुकती यायला लागली होती. दाजींनी सालीला नख लावून वास घेतला आणि दोन ढीग नाकारले. तिसऱ्याला मान डोलावली. मला तिन्ही सारखीच वाटली. आमच्याकडं गुळाच्या ढेपीला बोट लावून मी जेव्हा नाक मुरडतो, तेव्हा त्यांनाही असंच वाटत असणार.

गुरुवार, २६ जानेवारी

सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि लोकांसाठी वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो, प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन. त्यामुळं शुक्रवारची परतीची गाडी मी मुद्दाम तशीच काढली होती. आज बहीणही आली. तीस वर्षं या टेकडीच्या पायथ्याशी भाजी, साड्या, शाळेची पुस्तकं घेतली, वर कधी गेली नव्हती.

रांग मोठी, हातात झेंडे घेतलेली पोरं. वर गेल्यावर बडी टेकडी आणि छोटी टेकडी यांतलं अंतर डोळ्यांनी मोजता येतं. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७, आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनीची पलटण, लढाई याच दोन टेकड्यांवर. भोसले हरले. मग इंग्रजांनी इथं किल्ला बांधला. आणखी छत्तीस-सदतीस वर्षांनी राज्यच खालसा झालं. लढाईत मेलेल्यांच्या कबरी आहेत तिथं पोरं झेंडे हलवत पळत होती, जवान त्यांना हळूच बाजूला करत होता.

कठड्याशी आम्ही दोघं उभे राहिलो. उन्हात शहर पसरलेलं. बहिणीनं बोट दाखवलं, "त्या झाडांकडं अजब बंगला. आणि तिकडं पलीकडं महाल, तुझा टाऊन हॉल."

"माझा कुठला? मला मीटिंग नव्हती."

ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही. खाली बर्डीतल्या गाड्यांचे हॉर्न वर येत होते.

"बागेतल्या तोफा आहेत का रे अजून?"

"आहेत."

"आणि पोसायडन?"

"आहे की. मागच्या महिन्यात बघून आलो."

"त्रिशूळ?"

"नाही. सापडला नाही अजून."